बेस गिटारसाठी स्वस्तातलं ऑक्टेव्ह पेडल: कोणतं घ्यावं?

चार_तारा
नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही पाच जण नाशिकला बँड चालवतो. बँड म्हणजे कॉलेजांची गॅदरिंग, कोजागिरी, सोसायट्यांचे गणपती आणि मोसमात लग्नांची संगीत. ऐंशी-नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी जास्त. आमचा कीबोर्डवाला जूनमध्ये नोकरीसाठी हैदराबादला गेला. त्याच्या डाव्या हाताने जो सिंथ बेस वाजायचा तो आता माझ्या गळ्यात पडलाय. साध्या बेसवर तेच सूर वाजवले तर गायिका म्हणते, "सगळं बरोबर आहे रे, पण डिस्कोत कुणीतरी धोतर नेसून आल्यासारखं वाटतंय."

यूट्यूबवर बघून बघून ऑक्टेव्ह पेडलपर्यंत पोहोचलोय, म्हणजे वाजवलेल्या सुराचं खालचं सप्तक काढून देणारी पायाखालची पेटी. माझ्याकडे यामाहाचा चार तारांचा बेस आहे, घरी ८ इंची स्पीकरचा छोटा अँप, कार्यक्रमात तिथे जे मिळेल ते. बजेट ६००० रुपये, ताणून ७०००. डोळ्यासमोर बेहरिंजर यूओ३००, मूअरचं प्युअर ऑक्टेव्ह आणि टीसी इलेक्ट्रॉनिकचं छोटं सब-एन-अप आहे. जुनं बॉस कुठे मिळालं तर तेही. कोणी वापरलंय का? कोणतं घेऊ?

आगाऊ_कार्टं
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही एक बेसवाला आहे, त्याला हा धागा दाखवतो. कार्यक्रमात तो आहे हे आम्हाला फोटो बघितल्यावर कळतं.

मंद्रसप्तक
चार_तारा, कोणतं घ्यायचं ते नंतर बघू. आधी ही पेटी काय करते ते समजून घे, म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप गळून पडतील.

सप्तक खाली म्हणजे कंपनसंख्या निम्मी. मोकळी ए तार ५५ हर्ट्झ, तिचं खालचं सप्तक २७.५. जुन्या पद्धतीची अॅनालॉग पेटी तारेच्या लाटा अक्षरशः मोजते. दोन लाटा गेल्या की एक धरायची, असं करत तिच्याकडे निम्म्या गतीची लाट तयार होते. तीच करामत पुन्हा केली की दोन सप्तकं खाली. यात खरा सूर वर-खाली सरकवलेला नसतो. तुझ्या सुराच्या तालावर एक नवा, जाडसर, थोडा चौकोनी आवाज शेजारी बसवलेला असतो. तो सिंथसारखा वाटतो तो म्हणूनच.

आता मोजणारा एकच आणि तू दोन तारा एकदम छेडल्यास तर तो कोणाच्या लाटा मोजणार? मग गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. एक तार वाजवताना दुसरी नकळत गुणगुणत असली तरी तेच. म्हणून हे पेडल घेतलं की डाव्या हाताची शिस्त पहिल्याच दिवशी उघडी पडते. माझी पडली होती.

बॉसचं ओसी-२ हे या जातीतलं सगळ्यांचं आजोबा. १९८२ साली आलं, २००३ पर्यंत निघत होतं. तपकिरी डबी, तीन बटणं: मूळ आवाज, एक सप्तक खाली, दोन सप्तकं खाली. बेसवादक पिनो पॅलाडिनो यांचा ऐंशीच्या दशकातला फ्रेटलेस (मानेवर पट्ट्या, म्हणजे फ्रेट, नसलेला) बेस ऐक. गायक पॉल यंगबरोबरच्या कामात हीच पेटी आहे.

तपकीर_गल्ली
मंद्रसप्तकांना अनुमोदन. जोडीला माझे चार आणे.

हे घरी करून बघायचं असेल तर सीडी४०१३ नावाची १४ पायांची चिप आणा. आत दोन फ्लिप-फ्लॉप (दर लाटेला पालटणारे स्विच) असतात, एकातून एक सप्तक, दोन्ही साखळीने जोडले की दोन. पुण्यात आमच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, चहाच्या किमतीला मिळते. पुढे टीएल०७२ लावून तारेचा आवाज वाढवायचा, त्याची चौकोनी लाट करायची, ती ४०१३ ला द्यायची. मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ब्रेडबोर्डवर (डाग न देता जोडायच्या पाटीवर) जोडलं.

वाजलं. पण कसं वाजलं, तर डब्यात कोंडलेला भुंगा. हळू छेडा, जोरात छेडा, आवाज तेवढाच, कारण चिपला फक्त चालू आणि बंद कळतं. आणि सूर विरत जाताना शेवटी दोन-तीनदा उचकी देऊन नळ बंद केल्यासारखा तुटायचा. विकतच्या चांगल्या पेडलमध्ये पैसे कशाचे लागतात ते त्या दिवशी कळलं. मोजणी सोपी आहे. मोजायच्या आधी सूर गाळून स्वच्छ करणं आणि मोजून झाल्यावर त्याला परत तुमच्या बोटाचा जोर चिकटवणं, हे अवघड काम.

चार_तारा
बापरे, एवढं कोणी समजावलं नव्हतं. धन्यवाद दोघांनाही. म्हणजे अॅनालॉगच घेऊ का? मूअर आणि टीसी डिजिटल आहेत ना?

खिडकीतला_बोका
डिजिटल घेऊ नकोस रे बाबा. सूर उशिरा येतो. तालाच्या मागे लंगडत चालल्यासारखं वाटतं. अॅनालॉग ते अॅनालॉग.

फेडरवाली
बोकोबा, २००५ मधून बाहेर या. आणि उशीर फक्त डिजिटलचा दोष नाही. मोकळ्या ई तारेची एक लाट पुरी व्हायलाच साधारण २४ मिलिसेकंद लागतात. कोणतीही पेटी असो, लाट पुरी झाल्याशिवाय ती कितीची आहे हे तिला कळणार कसं? वरच्या फ्रेट्सवर तोच वेळ निम्मा होतो. पेडल उशिरा बोलतंय म्हणणारे नव्वद टक्के लोक खालच्या तारेवर वाजवत असतात.

चार_तारा, मी वाजवत नाही, मी साउंड करते. मांडव, हॉल, लॉन, सगळं. पलीकडच्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

पहिली. तुझ्या ८ इंची स्पीकरला २७ हर्ट्झ काढता येणार नाही. त्याचा दम सत्तर-ऐंशीच्या खालीच संपायला लागतो. आठ-आठ स्पीकरची ती कपाटाएवढी कॅबिनेटं असतात ना, तीही चाळीसच्या खाली धापा टाकतात. तरी आपल्याला सूर ऐकू येतो, कारण कान वरच्या स्वरांशांवरून (मूळ सुरासोबत वाजणाऱ्या उंच सुरांवरून) पाया स्वतःच भरून घेतो. जुन्या टेलिफोनवर तीनशे हर्ट्झच्या खालचं काही जायचंच नाही, तरी बाबांचा आवाज बाबांचाच वाटायचा, तसं. पण म्हणून अँपवरचं बेसचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवून पेडल लावू नकोस. स्पीकरचा कागद थडथडायला लागला की लगेच आवाज कमी कर. तो आवाज 'पंच' नसतो, तो निरोप असतो.

दुसरी. पत्र्याच्या मांडवात खालचा आवाज नुसता लोळत राहतो. बेसच्या चॅनलला मी ३५-४० हर्ट्झला हायपास लावतेच, म्हणजे त्याखालचं कापून टाकते. माझ्यासारखे बहुतेक सगळेच लावतात. तेव्हा तू सात हजार खर्चून जे वीस-पंचवीस हर्ट्झ आणणार आहेस, ते मी एका बोटाने काढून टाकणार आहे. हलके घे. पण घे.

चार_तारा
ताई, मग पैसे वायाच की! घरच्या अँपवर ऐकू येणार नाही, कार्यक्रमात तुम्ही कापणार. मग घ्यायचं कशाला?

मंद्रसप्तक
ह्या प्रश्नाचीच वाट बघत होतो.

ऑक्टेव्ह पेडल खाली जायला घ्यायचं नसतं, वर वाजवायला घ्यायचं असतं.

बेस हातात घे. ई तारेचा बारावा फ्रेट वाजव. ८२.४ हर्ट्झ. आता पेडलवर मूळ आवाज शून्यावर आण आणि फक्त एक सप्तक खालचा ठेव. ऐकू काय येईल? ४१.२, म्हणजे तुझी मोकळी ई तारच. सूर तोच, जागा तीच, तुझा अँप आणि ताईंचा हायपास दोघंही खूश. पण कात बदललेली. तारेची धातूची किणकिण गेली, नखाची टकटक गेली, उरला तो गोल, जाड, सिंथसारखा गोळा. तुझ्या कीबोर्डवाल्याचा डावा हात तोच.

ए मधलं गाणं असेल तर डी तारेच्या सातव्या फ्रेटवर ए धर, ११० हर्ट्झ. पेडल ५५ देईल. सी हवा तर जी तारेचा पाचवा फ्रेट. सगळं गाणं पाचव्या ते चौदाव्या फ्रेटमध्ये बसव. तिथे पेडलला मोजायलाही सोपं जातं, त्यामुळे स्वस्तातलं पेडलही शहाण्यासारखं वागतं. मोकळ्या ए च्या खाली तर ओसी-२ चीसुद्धा तारांबळ उडते.

आणखी थोडं. मानेकडचा पिकअप वापर आणि टोनचं बटण निम्म्याच्या खाली आण. ब्रिजजवळ छेडलं की वरचे स्वरांश मूळ सुरापेक्षा मोठे होतात आणि मोजणारा फसून एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. पेडल साखळीत सगळ्यात पुढे ठेव. त्याच्या आधी फार तर ट्यूनर आणि कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरने सूर एकसारखा राहतो, उचक्या कमी होतात. ओव्हरड्राइव्ह, फिल्टर, कोरस असले बाकीचे इफेक्ट सगळे नंतर.

फेडरवाली
+१. वरच्या सगळ्याला. आणि पेडल चालू-बंद केल्यावर आवाजाची पातळी सारखी राहील असं घरूनच लावून ये, प्लीज. साउंडचेकला सगळे साधा बेस ऐकवतात आणि तिसऱ्या गाण्याला राक्षस बाहेर काढतात.

हडसनकाठचा
न्यू जर्सीहून. छान धागा, वाखू (वाचनखूण) साठवली.

ओसी-२ च्या नादी लागू नये, एवढंच सांगतो. उत्पादन थांबल्यापासून त्याला भाव आलाय, जुनी पेटी नव्या पेडलच्या बरोबरीने विकली जाते. शिवाय सुरुवातीच्या ओसी-२ ना बॉसचा जुन्या पद्धतीचा अडॅप्टर लागतो. आजचा ९ व्होल्टचा एकटाच लावला की दिवा मिणमिणता आणि आवाज अशक्त. लोकांना वाटतं पेटी बिघडली. ओसी-३ मध्ये गिटार आणि बेसला वेगवेगळी इनपुट आहेत, २०२० मध्ये आलेल्या ओसी-५ मध्ये ओसी-२ सारखा आवाज देणारा व्हिंटेज मोड आहे. तोच मोड मी वापरतो, पण ते चार_तारा यांच्या बजेटबाहेर.

एमएक्सआरचं बेस ऑक्टेव्ह डीलक्सही फार सुंदर. तेही बजेटबाहेर. मग मी लिहितोय कशाला? सवय, दुसरं काय.

आगाऊ_कार्टं
भारतातल्या माणसाने सात हजारांत काय घ्यावं विचारलं की अमेरिकेतून दोनशे डॉलरची यादी येते, ही इथली परंपरा जपल्याबद्दल आभार.

हडसनकाठचा
खिक्. मान्य.

वरूडचा_मुन्ना
यूओ३०० वापरलंय भाऊ दोन वर्षं. ओसी-३ च्याच धर्तीवरचं आहे. पेटी प्लास्टिकची, हे सगळ्यांना माहीतच आहे, पायाने धाडकन मारायचं नाही, दाबायचं. तेवढं पाळलं तर पैशाच्या मानानं वाईट नाही. मी बॅटरी घालायच्या भानगडीतच पडलो नाही, अडॅप्टरवरच चालवलं.

मूअर मित्राकडे आहे. छोटुसं, मजबूत, अकरा मोड. त्यातले तो तीनच वापरते.

निषाद_कोमल
अडॅप्टरचा विषय निघालाच आहे तर माझी कथा ऐका, म्हणजे कुणाची तरी पेटी वाचेल.

सावंतवाडीला दशावताराच्या आधी आमचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता. पेडलचा अडॅप्टर घरी राहिला. कीबोर्डवाल्याकडे एक जास्तीचा होता, पिन बसली, मी लावला. तो १२ व्होल्टचा आणि मध्ये धन होता. पेडलना बहुतेक ९ व्होल्ट लागतात आणि मध्ये ऋण. दिवा लागला नाही, पण वास आला. उदबत्ती आणि जळलेलं प्लास्टिक यांच्या मधला. पखवाजवाले आजोबा म्हणाले, "धूप चढवलास वाटतं."

नंतर दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं. आत उलट्या जोडणीपासून वाचवणारा एक डायोड होता, तो स्वतः मेला आणि बाकीच्यांना वाचवून गेला. दोन रुपयांचा डायोड, शंभर मजुरी. नशीब म्हणायचं. अडॅप्टरवर वाटोळ्या टिंबाचं चित्र असतं, ते बघितल्याशिवाय पिन खुपसू नका.

तपकीर_गल्ली
तो बहुधा १एन४००१. हुतात्मा डायोड.

जोडीला एक: एकाच अडॅप्टरवर पाच शेपट्यांची वायर लावून डिजिटल आणि अॅनालॉग पेडल एकत्र चालवलं की बऱ्याचदा बारीक शिट्टी ऐकू येते. पेडल परत करायच्या आधी ते बॅटरीवर चालवून बघा. शिट्टी गेली तर दोष विजेच्या जोडणीचा.

खिडकीतला_बोका
कोणीतरी व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकन रॉक जोडीबद्दल लिहील म्हणून वाट बघत होतो, कोणी लिहीना. त्यांच्या 'सेव्हन नेशन आर्मी'च्या त्या जगप्रसिद्ध रिफमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीत) बेस गिटार नाहीच. गिटारला डिजिटेकचं व्हॅमी पेडल लावून एक सप्तक खाली आणलंय. आणि ते डिजिटल आहे, हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं. माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. अर्धाच.

चार_तारा
वृत्तांत.

काल पुण्याला गेलो होतो. मंद्रसप्तक दादांनी विपू (इथला निरोप) करून त्यांच्या सरावाच्या खोलीत बोलावलं. (दादा, वहिनींना मिसळीबद्दल परत एकदा थँक्यू सांगा.) खोली म्हणजे गच्चीवरची, भिंतींना गोधड्या टांगलेल्या. तिथे त्यांचं ओसी-२ पाहिलं. रंग उडून कडांचा धातू दिसतोय, एक बटण बदललेलं, खाली निवडणुकीचं स्टिकर.

आधी मी हट्टाने मोकळी ई तार वाजवली. खोलीत काहीतरी हललं, पण सूर म्हणावा असं काही नव्हतं. ट्रक गल्लीतून गेल्यासारखं. मग बाराव्या फ्रेटवर गेलो, मूळ आवाज बंद केला आणि आमच्या यादीतलं एक गाणं वाजवलं. चार मात्रा झाल्या आणि मी हसायलाच लागलो. हैदराबादचा माणूस खोलीत येऊन बसला होता.

मग दादांनी त्यांच्या शिकवणीच्या मुलाचं झूम बी१ फोर जोडलं, म्हणजे एकाच पेटीत बरेच इफेक्ट असलेलं मल्टीइफेक्ट. त्यातही ऑक्टेव्ह आहे. आम्ही दोघांनी डोळे मिटून तुलना केली, एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ओळखायचं. पाचव्या फ्रेटच्या वर मला दहापैकी सहाच वेळा ओळखता आलं. दादांना नऊ वेळा. पण लग्नात दादा ऐकायला नसतात.

तर मी जुनं बी१ फोर घेतलं. एका मुलाकडून, साडेचार हजारांत. तो बेस सोडून यूपीएससी करतोय. त्यात ट्यूनर आहे, कॉम्प्रेसर आहे, सरावाला तालाचे नमुने आहेत, पेन्सिल सेलवर चालतं म्हणजे अडॅप्टरचा धूपही नाही. उरलेल्या पैशात चांगली वायर घेतली.

खिडकीतला_बोका
ऑक्टेव्ह पेडल विचारायला आला आणि मल्टीइफेक्ट घेऊन गेला. धागा अयशस्वी.

मंद्रसप्तक
बोका, त्याला हवं होतं ते त्याला मिळालं. मला विचारशील तर एकच इफेक्ट आयुष्यभर वापरायचा असेल तर एकटं पेडल घ्यावं, पायाखाली एक बटण, विचार करायला नको. पण अजून शिकतोय त्याला कॉम्प्रेसरसकट मिळालं तर ऑक्टेव्ह निम्म्या वेळात साधतो. माझ्यासमोर वाजवलंय त्याने. हात बरा आहे. जी तार गुणगुणते, ती दाबायला शिकेल.

वरूडचा_मुन्ना
सेटिंग टाक ना भाऊ इथं.

चार_तारा
आधी कॉम्प्रेसर, मध्यम. मग ऑक्टेव्ह: मूळ आवाज शून्य, खालचं सप्तक घड्याळात दोन वाजता असतं तेवढं. संथ गाण्यात मूळ आवाज थोडा मिसळतो, नऊ वाजता. बेसवर टोन पाव. बस.

काल सोसायटीच्या गणपतीत वाजवलं. साउंडवाल्या भाऊंना आधीच सांगितलं की तिसऱ्या आणि सातव्या गाण्यात आवाज बदलणार आहे, तर ते म्हणाले असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. फेडरवाली ताई, ही शाबासकी तुमची. एकदाच फसलो: उत्साहात दोन तारांवर पाचवा-आठवा एकदम वाजवला आणि गुळण्या. ड्रमरने वळून बघितलं. गायिका काही बोलली नाही, पण सातव्या गाण्यानंतर माझ्याकडे बघून धोतर सावरल्याची खूण केली आणि मग अंगठा दाखवला.

एक नवीनच दुखणं सुरू झालंय. दीड तास बाराव्या फ्रेटच्या आसपास राहिल्यामुळे मनगट आतल्या बाजूने ठणकतंय. हे होतं का सगळ्यांना?

मंद्रसप्तक
बेस किती खाली लटकवतोस ते मी पाहिलंय. पट्टा चार बोटं वर घे, कोपर अंगापासून सुटा राहील. आणि दोन दिवस वाजवू नकोस.

निषाद_कोमल
गणपतीत दोन दिवस वाजवू नकोस? दादा, तुम्हीपण ना.